वायर दहा रुपयांची

गेल्या महिन्यात एका माणसाशी मी दोनशे रुपयांसाठी घासाघीस केली. मी जिंकलो. आणि तेव्हापासून ते दोनशे रुपये खिशात टोचतायत. म्हणून आजचा शनिवार त्या विषयावर.

तर झालं असं. साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात आमच्या जुन्या डिझेल गाडीने मिसिंग मारायला सुरुवात केली. चढावर पिकअप गायब, इंजिन थडथडतंय, डॅशबोर्डवर पिवळा दिवा. बाजूला घेऊन बंद केली, दहा मिनिटांनी चालू केली तर एकदम शहाण्यासारखी! तापली की पुन्हा तेच नाटक. आपल्या धंद्यात याला 'इंटरमिटंट बग' म्हणतात. शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.

पुण्यात परत आल्यावर सर्व्हिस सेंटर गाठलं. स्कॅनर लावला, कोड आला पी०२०३. दहा मिनिटांत निकाल: "तीन नंबरचा इंजेक्टर गेला सर. बदलू. आणि वायरिंगचा पूर्ण हार्नेसही टाकू, म्हणजे टेन्शनच नको." अंदाजपत्रक पाच आकडी.

आता गंमत बघा. पी०२०३ म्हणजे 'तिसऱ्या सिलिंडरच्या इंजेक्टरचं सर्किट'. सर्किट, इंजेक्टर नव्हे. त्यात इसीएम आला, वायर आली, दोन्हीकडचे कपलर आले आणि मग इंजेक्टरची कॉइल. प्रोग्रॅम ज्या ओळीवर कोसळतो त्याच ओळीत चूक असते असं कोणी म्हटलं तर आपण त्याला हसतो ना? इथे मात्र आपण मान डोलावतो आणि कार्ड पुढे करतो.

मी कार्ड पुढे केलं नाही, पण त्यात माझी अक्कल फार नव्हती. घरी येऊन मल्टिमीटर लावला. या जातीच्या सोलेनॉइड इंजेक्टरच्या कॉइलचा रेझिस्टन्स अर्ध्या ओहमच्याही खाली असतो. चारही सारखेच दिसले. वायरला मीटर लावला तर 'बीप'. म्हणजे वायर चांगली, इंजेक्टर चांगला, आणि गाडी बंद! माझी विद्या इथे संपली.

मग एका मित्राने नाना पेठेतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे पाठवलं. वय साठीच्या पुढे, चष्मा दोऱ्याने बांधलेला. मी बीपची कथा सांगितली. काका म्हणाले, "साहेब, बीप तर कशालाही वाजतो." त्यांनी बॅटरीची निगेटिव्ह काढली, जरा थांबले, मग इंजेक्टरचा आणि इसीएमचा असे दोन्ही कपलर काढले. मोकळ्या वायरच्या एका टोकाला वेगळ्या बॅटरीचा करंट दिला आणि दुसऱ्या टोकाला हेडलाइटचा एक जुना बल्ब लावला. बल्ब लागला. मग त्यांनी हार्नेस इंचाइंचाने वाकवायला घेतला. इंजिनवरच्या एका क्लिपपाशी बल्ब मिणमिणला!

टेप सोलली, वायर चिरली. आतल्या बहुतेक तारा तुटलेल्या आणि उरलेल्या हिरव्या पडून एकमेकींना नुसत्या टेकलेल्या. मीटर तपासताना अगदी नगण्य करंट सोडतो, आणि पाच-दहा ओहमवरही बीप करतो. इंजेक्टर उघडताना मात्र क्षणभर वीसेक अँपिअर लागतात. तिथे एक-दोन ओहमही खूप झाले. माझी टेस्ट म्हणजे एका युजरवर वेबसाइट चालवून 'पास' म्हणण्यासारखी होती. काकांनी लोड टेस्ट केली. एवढाच फरक.

दुरुस्तीही ऐकण्यासारखी. स्वच्छ लाल तांबं लागेपर्यंत वायर मागे कापली. तेवढ्याच जाडीचा तुकडा घेतला, दोन्ही जोड तांब्याच्या स्लीव्हमध्ये दाबून केले, पण एकासमोर एक नाही, पुढेमागे. वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक. सोबतच्या वायरशी जसा पीळ होता तसा परत घातला. मी विचारलं, सोल्डर का नाही? "सोल्डरनं वायर कडक होते साहेब. इंजिन हलतं, मग कडक संपतं तिथंच तुटतं." शेवटी क्लिपपाशी जरा ढील ठेवून बांधलं. अडीच तास.

"किती झाले?" "आठशे द्या." आणि माझ्या तोंडून काय निघालं? "अहो काका, वायर तर दहा रुपयांची!" सहाशे दिले.

आता बोला. परवाच आमच्या टीमने दोन दिवस घालवून एक ओळ बदलली. क्लायंटला आम्ही त्याला 'रूट कॉज अॅनालिसिस' म्हटलं आणि तासांचं बिल लावलं. 'ओळ तर एकच आहे' असं तो म्हणाला असता, तर मी दिवसभर त्याला शिव्या घातल्या असत्या.

सर्व्हिस सेंटरच्या पोराला मी दोष देत नाही. त्याने अडीच तास वायर वाकवत बसावं आणि बिलात 'वायर: दहा रुपये' लिहावं, तर त्याची नोकरी टिकेल का? पार्टचे पैसे आपण निमूट देतो, कारण पार्ट खोक्यात येतो. शोधण्याचे पैसे द्यायला जीव जातो. मग लोक शोधत नाहीत, बदलतात. ही सवय आपणच लावली आहे.

म्हणून सगळंच जोडत बसा असं नाही. एअरबॅगच्या वायरला रस्त्यावर हात लावू नका. हार्नेस जागोजागी उंदरांनी खाल्ला असेल किंवा जळला असेल तर तो बदलाच. आणि इंजिन चालू असताना इंजेक्टरचा कपलर ओढण्याचा प्रयोग नकोच, तिथे बॅटरीच्या बारा व्होल्टच्या कितीतरी पट व्होल्टेज असतं. पण बदलण्याआधी एक प्रश्न विचारा: "हाच खराब आहे हे कशावरून?" आणि कोणी त्याचं धड उत्तर शोधून दिलं, तर त्या उत्तराचे पैसे द्या. घासाघीस न करता.

गाडी त्यानंतर दोनदा खंबाटकी चढून आली. दिवा नाही, थडथड नाही.

ते दोनशे अजून माझ्याकडेच आहेत. उद्या रविवार, काकांचं दुकान बंद. सोमवारी ऑफिसला जाताना नाना पेठेतून जायचंय.