शेवटच्या ट्रॉलीला दिवा लावा : साखर कारखान्यांच्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि संचालक मंडळ,
कोल्हापूर जिल्ह्यातील सर्व सहकारी व खासगी साखर कारखाने



खरं तर हे पत्र एकाच कारखान्याला लिहिता आलं असतं, कारण मी एका कारखान्याचा सभासद आहे. दिवाळीची साखर मिळते, वार्षिक सभेला येतो, पुढच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ सुरू झालं की चहाकडे वळतो. पण उसानं भरलेली ट्रॉली तालुक्याची हद्द पाळत नाही. एकाच रस्त्यानं तीन कारखान्यांचा ऊस तीन दिशांना जातो. म्हणून कुंभी, भोगावती, बिद्री, वारणा, दत्त, जवाहर, शाहू, राजाराम आणि ज्यांची नावं इथं घेतली नाहीत त्या सगळ्यांनाच हे पत्र.

मी वडणग्याचा. शिवाजी उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपमध्ये कामाला आहे. जातो सायकलनं. वडणगे फाटा, शिवाजी पूल, सीपीआर, बिंदू चौक, उमा टॉकीज, उद्यमनगर. सकाळी सातची पाळी असली की सव्वासहाच्या आत घर सोडावं लागतं. हिवाळा लागला की शेजारीपाजारी एकच विचारतात, “एवढ्या थंडीत सायकल? गाडी घे की एखादी.”

थंडीबद्दल आपल्याकडे उगाच बाऊ केला जातो. कोल्हापूरचा जानेवारी म्हणजे पहाटे साधारण चौदा-पंधरा अंश, कडाका पडला तर दहा-बारा. फाट्यापर्यंत कान गार पडतात, ब्रेकवरची बोटं बधिर होतात, पुलावर नदीचं वारं छातीत घुसतं. त्यानंतर अंग तापतं, आणि बिंदू चौकात स्वेटर काढून कॅरिअरला अडकवावा लागतो. फिनलंडमध्ये ओउलु नावाचं शहर आहे. तिथं पारा शून्याच्या कितीतरी खाली जातो, बर्फ पडतो, तरी माणसं सायकलनं कामाला आणि पोरं सायकलनं शाळेला जातात. 2013 साली हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद त्याच शहरात भरली. त्यांची कातडी काही आपल्यापेक्षा जाड नाही. तिथली पालिका सायकलच्या वाटेवरचा बर्फ सकाळच्या वर्दळीआधी काढून ठेवते. आपल्याकडे तर बर्फही नाही. पावसाळ्यात चिखल आणि पूर, उन्हाळ्यात परतीच्या वेळी भाजणारं ऊन. कोल्हापुरात सायकलनं कामाला जायला हिवाळ्यासारखा ऋतू नाही. थंडीविरुद्ध माझी एका ओळीचीही तक्रार नाही.

पण हिवाळा म्हणजेच गळीत हंगाम. इकडे स्वेटर पेटीतून बाहेर येतो आणि तिकडे आपण गव्हाणीत मोळी टाकता.

जानेवारीच्या मध्याला कोल्हापुरात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, म्हणजे सातच्या पाळीचा माणूस सगळा रस्ता अंधारात किंवा झुंजूमुंजू उजेडात कापतो. परतीला ओव्हरटाइम झाला तर पुन्हा अंधार. नोव्हेंबरअखेरीस सूर्य सहालाच बुडतो. त्यात पंचगंगेच्या काठचा सखल पट्टा. रात्री गार झालेली जड हवा तिथं तळाला बसते, तिच्यात धुकं धरतं, आणि तोडणी झालेल्या रानात पेटवलेल्या पाचटाचा धूर त्याच थरात कोंडला जातो. वर आभाळात चांदण्या स्पष्ट दिसतात आणि खाली चार हातांवरचा माणूस दिसत नाही, अशा सकाळी या रस्त्यावर दर हंगामात येतात. अशाच एका सकाळी धुक्यात मला आधी वास आला. ओल्या उसाचा, गोडसर. वास आला म्हणून ब्रेक दाबला, तर पुढच्या चाकापासून हातभरावर उसाची टोकं होती. डबल ट्रॉली, एक टायर बसलेला, रस्त्याच्या कडेला म्हणजे नेमकी सायकलच्या वाटेवर उभी. मागं दिवा नाही, ड्रायव्हर नाही. खूण म्हणून रस्त्यावर चार दगड आणि उसाच्या वाड्याची एक पेंढी. ट्रॉली कोणत्या कारखान्याची, ते सांगत नाही. पाटी मागं होती, पण वाचता येण्याइतका उजेड असता तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती.

आपण म्हणाल, आम्ही रेडियम लावतो. खरं आहे. हंगामाच्या सुरुवातीला आरटीओचे अधिकारी यार्डात येतात, पट्ट्या चिकटवल्या जातात, फोटो छापून येतो. पण रेडियमला स्वतःचा उजेड नसतो. समोरून पडलेला उजेड तो परत पाठवतो. मोटारीचा प्रखर झोत पडला तर तो लखलखतो. सायकलच्या मिणमिणत्या डायनॅमोला, तोही चढावर पाय मंदावले की विझणाऱ्या, काय परत पाठवणार? शिवाय शेतातून निघालेल्या ट्रॉलीच्या मागच्या बाजूवर पंधरा दिवसांत चिखल आणि धूळ यांचा असा थर बसतो की पट्टी लाल होती की पांढरी, हे ओळखू येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 पासून आहेत; त्यात मागचे दिवेही आहेत आणि परावर्तकही. रस्त्यावर मात्र दिव्याची वायर ट्रॅक्टरपाशीच संपलेली असते. पहिल्या ट्रॉलीपर्यंत ती क्वचित पोचते आणि दुसरीपर्यंत पोचलेली मी तरी पाहिलेली नाही.

उभ्या ट्रॉलीचं हे झालं. चालती ट्रॉली मागून येते तेव्हाचं वेगळंच. सायकल ओलांडताना ट्रॅक्टरवाला थोडा उजवीकडे जातो. त्याची सीट पुढं सरकली की त्याच्या हिशेबानं सायकल मागं पडलेली असते, म्हणून तो पुन्हा डावीकडे येतो. पण त्याच्या मागं अजून दोन ट्रॉल्या यायच्या असतात. वळताना मागची ट्रॉली पुढचीच्या चाकोरीत राहत नाही, ती आत कापते. म्हणजे सायकलवाल्याच्या उजव्या खांद्याशेजारची जागा पहिल्या ट्रॉलीला हातभर असते, दुसरीला वीतभर, आणि बाहेर आलेल्या उसाच्या टोकांना तेवढीही नाही. डावीकडे डांबराची तुटकी कड आणि खाली साइडपट्टीचा खड्डा. कितीही घंटी वाजवा, ट्रॅक्टरवर मोठ्या आवाजात गाणी चालू असतात. त्या वेळी सायकलवाल्याला एकच करता येतं, पायडल थांबवून हँडल सरळ धरून ठेवायचं आणि ट्रॉल्या संपायची वाट बघायची.

दगडांचं मुद्दाम वेगळं लिहितो, कारण त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नाही. बंद पडलेल्या ट्रॉलीच्या चाकाखाली आणि मागं दगड लावतात. दुपारी टायर बदलून ट्रॉली निघून जाते, दगड तिथंच राहतात. दुसऱ्या दिवशी पहाटे ते कुणाच्या तरी पुढच्या चाकाखाली येतात. दुचाकीवालेही त्यांच्यामुळे पडलेत. दगड उचलायला डिझेल लागत नाही, हे मी कारखान्याच्या शेतकी खात्यातल्या एका ओळखीच्या माणसाला म्हणालो. तो हसला आणि म्हणाला, “ते आमच्या करारात नाही.”

तिथूनच मला या पत्राचा धागा सापडला.

या सगळ्याचा दोष ड्रायव्हरवर टाकून मोकळं होणं सोपं आहे. पण त्याची बाजू बघा. वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात, म्हणजे खेपा वाढल्या तरच घर चालतं. फडातून भरून निघायचं, यार्डात नंबर लावायचा, तिथं तासन् तास काढायचे, मिळेल तेवढी झोप सीटवरच घ्यायची आणि पहाटे रिकाम्या ट्रॉल्या घेऊन पुन्हा फडाकडे. ट्रॅक्टर कर्जाचा, तोडणीच्या टोळीला दिलेली उचल डोक्यावर. त्याला रेडियम पुसायला सांगणारं कुणीच नाही. पोलीस आणि आरटीओ तरी कुठं कुठं उभे राहणार? गगनबावडा रस्ता, राधानगरी रस्ता, गारगोटी रस्ता, पन्हाळ्याचा रस्ता, सांगली रस्ता, आणि प्रत्येकाला फुटणाऱ्या पाणंदी.

ट्रॉली कुठूनही आली, कुठल्याही वाटेनं आली, तरी तिला एका ठिकाणी थांबावंच लागतं. ते म्हणजे काटा. आणि काटा आपला आहे. तोडणी-वाहतुकीचा करार आपण करता, उचल आपण देता, नंबर आपण लावता, बिल आपण काढता. उसात पाचट जास्त आढळलं तर वजावट लावायची आपल्याला अचूक जमते. मग ज्या ट्रॉलीच्या मागं चालू दिवा नाही, तिचं वजन होणार नाही, एवढं एक वाक्य करारात घालायला कोणाची परवानगी लागते? जी गोष्ट सरकारी खातं शंभर रस्त्यांवर उभं राहून करू शकत नाही, ती काट्यावरचा एक कारकून करू शकतो. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

खर्चाचा प्रश्न निघेल. 2025-26 च्या हंगामाला केंद्रानं सव्वादहा टक्के साखर उताऱ्यासाठी एफआरपी (उसाचा रास्त व किफायतशीर दर) ठरवली ती क्विंटलला 355 रुपये, म्हणजे टनाला 3,550. एका टनाच्या त्या पैशांत बॅटरीवर लुकलुकणारा लाल दिवा आणि दोन्ही ट्रॉल्यांच्या पट्ट्या होऊन वर चहापाण्याला उरतील. एक भरलेली डबल ट्रॉली किती टन वाहते, ते आपल्याला मी सांगायला नको. आणि हा खर्च शेतकऱ्याच्या बिलातून कापू नका, हेही आत्ताच लिहून ठेवतो. अर्धा एकर ऊस माझ्याही घरचा आहे.

जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दराची मागणी ठरली की निकाल लागेपर्यंत तोडी थांबतात, ट्रॅक्टर अडवले जातात, टायरमधली हवा सोडली जाते. दरासाठी हे झालंच पाहिजे, मीही त्या बाजूचा आहे. पण ट्रॅक्टर अडवणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्याच वेळी मागचा दिवा आहे का, एवढं पाहिलं असतं तर दोन कामं झाली असती. शेतकरी संघटनांनीही ही विनंती समजावी.

कुणी म्हणेल, सायकलनं कामाला जातंय कोण आता? 2011 च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामगारांना कामावर कसं जाता, हे विचारलं होतं. देशात सुमारे तेरा टक्के सायकलवाले निघाले, मोटारसायकल-स्कूटरवाल्यांपेक्षा किंचित जास्तच. तेव्हापासून चित्र पालटलं असणार, हप्त्यावर गाडी मिळू लागली. तरी पहाटे शिवाजी पुलावर उभे राहा. फौंड्रीत मोल्डिंग करणारे, सोन्या-चांदीच्या पेठेत आटणी-घडणीला जाणारे, हॉटेलात भांडी घासणारे, कॅन लावलेले गवळी. रविवारी हेल्मेट घालून पन्हाळ्याकडे जाणारे सायकलपटू वेगळे. त्यांचं कौतुकच आहे, त्यांच्या सायकलींना दिवेही चांगले असतात. पण त्यांचे सत्कार करताना, जो केवळ पेट्रोल परवडत नाही म्हणून सायकल चालवतो, त्याचा विसर पडतो. आपल्या कारखान्यांतलेही काही हंगामी कामगार सायकलनंच पाळीला येतात. गेटवर चौकशी करा.

सायकलवाल्यांनीही दिवा लावावा, हे मान्य. मागच्या मडगार्डाला लाल काच असावी, अंगात काळं जर्किन नसावं. हे आम्ही एकमेकांना सांगतो आणि सांगत राहू.

जाता जाता एक आठवण करून देतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात दुकान काढलं ते सायकलींचं. सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या, चालवायला शिकवायच्या. पुढं त्याच माणसाच्या कारखान्यातून लोखंडी नांगर आले आणि उसाचे चरकही आले. सायकल आणि ऊस हे आपल्या भागात असे एकाच घरातून निघालेत. त्यांना एका रस्त्यावर नांदवणं अशक्य आहे, असं मला वाटत नाही.

हंगाम अजून संपलेला नाही. धुराडं विझेपर्यंत करता येण्यासारखं बरंच आहे. काट्यावर एक माणूस आणि एक फडकं ठेवा; आत येणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीची मागची बाजू पुसून घेऊ द्या. शेवटच्या ट्रॉलीला बॅटरीचा लाल दिवा द्या आणि तो नसेल तर वजन करू नका. शेतकी खात्याच्या जीपमध्ये चार शंकू ठेवा, बंद पडलेल्या ट्रॉलीमागं ते लावायला सांगा आणि दगड दिसले तर उचलायला. यार्डातली रांग मुख्य रस्त्यावर येणार नाही अशा बेतानं तोडीच्या चिठ्ठ्या काढा, निदान पहाटे सहा ते आठ. आणि पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत ‘ऊस वाहतुकीतील सुरक्षितता’ हा विषय घ्या. त्या विषयाला मी पुढच्या रांगेत बसून ‘मंजूर’ म्हणेन.

आपला,
एक सभासद,
वडणगे, ता. करवीर