यंत्र राजकोटचं, दावा सौंसरचा

मध्य प्रदेशातल्या सौंसर तालुक्यात, बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत कुणाचा हात यंत्रात सापडला, की पहिला प्रश्न दवाखान्याचा असतो: छिंदवाडा की नागपूर? दुसरा प्रश्न पट्टी सुटल्यावर येतो. दावा कुठे लावायचा? इथे मात्र सल्ल्याला तोटा नाही. चहाच्या टपरीवरही तीन वेगवेगळी कोर्टं सुचवली जातात.

एक उदाहरण घेऊ. पॉवर प्रेस राजकोटला बनली. कारखानदाराने ती नागपूरच्या विक्रेत्याकडून घेतली. चालवणारा सौंसर तालुक्यातला. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय रॅम खाली येऊच नये, अशी सोय हवी होती. यंत्र आलं पायाच्या पेडलवर. एका दुपारी पेडलवरचा पाय काढल्यावरही रॅम आपोआप दुसऱ्यांदा खाली आला आणि चार बोटं गेली. यंत्र बनवणाऱ्यावर दावा लावायचा, तर तीन राज्यं समोर उभी राहतात. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: कोर्ट निवडण्याचा हक्क बोटं गेलेल्याचा, आणि त्याने सौंसर निवडावं.

आता समोरच्यांचं ऐकू. उत्पादक म्हणेल, ‘नकाशे आमच्याकडे, चाचणीचे कागद आमच्याकडे, माणसं आमची. चूक झालीच असेल तर राजकोटला झाली.’ वरवर पटतं. पण दिवाणी प्रक्रिया संहिता 1908 सालची आहे आणि तिच्या कलम 19 ने हा वाद तेव्हाच निकालात काढला आहे. कलमाखालचा दाखला अगदी साधा आहे. दिल्लीत राहणारा एक जण कोलकात्यात दुसऱ्याला मारतो. मार खाल्लेल्याने कोलकात्यात दावा लावावा किंवा दिल्लीत, मर्जी त्याची. यावर हुशार वकील म्हणेल की उत्पादक कुठे बोरगावला येऊन मारून गेला? आपल्याकडच्या माणसाला याचं उत्तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिळतं. पांढुर्ण्याच्या गोटमारीत गोटा जाम नदीच्या सावरगावकडच्या काठावरून सुटतो आणि डोकं पांढुर्ण्याच्या काठावर फुटतं. इजा कुठे झाली असं विचारलं, तर सावरगाव कुणी म्हणत नाही. ‘अपकृत्य’ या शब्दात कृतीबरोबर तिचा परिणामही येतो, असा अर्थ एका उच्च न्यायालयानेही लावलेला आहे.

कागदांचं म्हणाल, तर कागद टपालाने येतात. प्रेस येत नाही. ती बोरगावला जमिनीत बोल्ट मारून बसवलेली असते. संहितेच्या आदेश 18, नियम 18 प्रमाणे न्यायाधीश ती वस्तू स्वतः पाहू शकतात. शेजारच्या मशिनवरचा कामगार, पंचनामा करणारा पोलीस, पहिली मलमपट्टी करणारा डॉक्टर हे सगळे याच भागातले. यातला एकही साक्षीदार आपली रोजी बुडवून राजकोटला जाणार नाही.

दुसरा आक्षेप बिलाच्या तळाशी असतो, बारीक अक्षरात: ‘सर्व वाद नागपूर न्यायक्षेत्राच्या अधीन’. अशी ओळ बंधनकारक ठरू शकते, हे खरं. एकापेक्षा जास्त कोर्टांना अधिकार असेल तर करार करणाऱ्यांना त्यातलं एक ठरवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने हाकम सिंग विरुद्ध गॅमन (1971) या खटल्यापासून सांगितलेलं आहे. पण करार कुणाचा? विक्रेता आणि कारखानदार यांचा. ते बिल प्रेसवाल्या कामगाराने कधी पाहिलंही नाही. ज्या कागदावर त्याची सही नाही, तो कागद त्याला नागपूरला कसा ओढून नेणार?

तिसरा सल्ला आपुलकीचा, म्हणून खोडायला जड. ‘नागपूरलाच जा. वकील मोठे, कोर्टाची भाषा मराठी.’ भाषेचा मुद्दा मला लागतो, नाकारत नाही. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत सौंसर आणि नागपूर एकाच राज्यात होते, उच्च न्यायालयही नागपुरातच होतं. त्या तारखेनंतर आपलं अपील जबलपूरला गेलं आणि घरातली मराठी कोर्टात हिंदी झाली. तरीही विक्रेत्याच्या दुकानापलीकडे या अपघाताचं नागपुरात काय आहे? डिझाइनचा खरा जबाबदार राजकोटचा. तो नागपुरात पहिल्याच तारखेला अधिकारक्षेत्राची हरकत घेईल आणि वर्ष-दोन वर्षं नुसत्या त्या हरकतीवर जातील.

राहिला सर्वांत वजनदार आक्षेप: फिर्यादीला निवड दिली की तो सोयीचं कोर्ट शोधत फिरतो. शोधतो खरा. पण प्रतिवादी काय करतो, तेही पाहा. भोपाळच्या वायुकांडानंतर भारत सरकार न्यूयॉर्कच्या कोर्टात गेलं. आपली कोर्टं या कामाला पुरी पडणार नाहीत, असं सरकारच म्हणत होतं. प्रतिवादी अमेरिकी कंपनी युनियन कार्बाइडने भारतीय कोर्टांची बाजू घेतली. त्यासाठी प्रतिज्ञापत्र दिलं भारतातले नामवंत वकील नानी पालखीवाला यांनी. न्यायाधीश कीनन यांनी 12 मे 1986 रोजी खटला भारतात पाठवला आणि 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली. आता उलट बाजू. न्यू जर्सीतल्या एका भंगार कारखान्यात धातू कापणाऱ्या यंत्रात कामगाराची चार बोटं गेली. यंत्र इंग्लंडच्या जे. मॅकइन्टायर कंपनीचं, ओहायोच्या विक्रेत्यामार्फत आलेलं. कंपनी म्हणाली, न्यू जर्सीशी आमचा संबंध नाही. आणि 2011 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिचं म्हणणं मान्य केलं. (पुढे 2021 मध्ये फोर्डच्या खटल्यात त्याच न्यायालयाने अपघात झालेल्या राज्याची बाजू उचलली, तिथे मात्र फोर्डचा त्या राज्यात मोठा धंदा होता.) म्हणजे एका कंपनीला इजेच्या जागचंच कोर्ट हवं होतं, दुसरीला तेच नको होतं. जिथे कमी द्यावं लागेल तिथे जायचं, एवढं धोरण दोघींचं सारखं. मग निवडीचा दोष एकट्या कामगाराला का? त्याने यंत्र निवडलं नाही, विक्रेता निवडला नाही, बिलही वाचलं नाही. त्याच्या निवडीचा जाच झालाच, तर खटला हलवून मागण्याची सोय दिवाणी संहितेच्या कलम 22 ते 25 मध्ये आहे.

आपल्या संसदेनेही हीच दिशा धरली आहे. कर्मचारी भरपाईच्या कायद्यात 1995 च्या दुरुस्तीने अपघाताच्या जागेबरोबर कामगाराच्या राहत्या जागीही दावा लावायची मुभा दिली. 2019 च्या ग्राहक कायद्याने तक्रारदाराला आपल्या जिल्ह्यात तक्रार करू दिली. मात्र त्या कायद्यावर कामगाराने फार भिस्त ठेवू नये. यंत्र मालकाने धंद्यासाठी घेतलेलं असतं. शिवाय कलम 87 प्रमाणे उत्पादकाने सूचना मालकाला दिल्या असतील, तर ‘इशारा दिला नाही’ ही तक्रार तिथेच संपते. त्या सूचना प्रेसच्या जागेपर्यंत पोहोचल्या का, हे तो कायदा विचारत नाही. मला हे कलम अन्यायाचं वाटतं.

वाटही जपून धरा. कर्मचारी भरपाईच्या त्या 1923 च्या कायद्यात भरपाई आयुक्तांकडे अर्ज केला की दिवाणी दावा बंद आणि दिवाणी दावा लावला की आयुक्तांचं दार बंद, असा पेच होता. कुठलाही अर्ज करण्याआधी वकिलाला हे विचारून घ्या.

आणि वकिलाकडे जाण्याआधीही एक काम आहे. प्रेसच्या अंगावर रिव्हेटने ठोकलेली एक पत्र्याची पाटी असते: बनवणाऱ्याचं नाव, गाव, क्रमांक, साल. मशीन दुरुस्तीला किंवा भंगारात जाण्याआधी कुणाकडून तरी त्या पाटीचा फोटो काढून घ्या.