पाडण्याआधी एकदा कौलांवर चढा

गोव्यात जुन्या घराचा विषय निघाला की हल्ली दोनच सल्ले ऐकायला मिळतात. पहिला : "विकून टाका, सध्या गिऱ्हाईक चांगलं आहे." दुसरा : "पाडा आणि स्लॅब घाला, कटकट मिटेल." तिसराही एक मार्ग आहे, पण तो सांगणारा सहसा कुणी भेटत नाही. चार मित्र गोळा करा, एक जाणता गवंडी गाठा आणि आपल्या हातांनी ते घर उभे करा. हा सल्ला मी आज देणार आहे. घरात बसून सुचलेला नाही, हातांना घट्टे पाडून घेतल्यावर सुचलेला आहे.

आमचे घर फोंडा तालुक्यात. चिऱ्यांचा जोता, मातीच्या भिंती, मंगळुरी कौले, मधोमध राजांगण आणि त्यात तुळशीवृंदावन. अशी घरे आपल्यापैकी अनेकांची आहेत, आणि त्यांची कथाही सारखीच. एक भाऊ पणजीला, एक मुंबईला, एक पुण्याला. वर्षभर दाराला कुलूप. चवथीला पाच दिवस घर उघडते, माणसांनी भरते आणि पुन्हा बंद होते.

दोन वर्षांपूर्वी माटोळी बांधताना माझ्या चुलतभावाने वाशाला हात घातला आणि मूठभर भुगा खाली आला. वाळवी! वरून वासा धडधाकट दिसत होता, आतून पोकळ. त्या वर्षी बाजूच्या वाशाला दोर बांधून कशीबशी माटोळी टांगली. जेवणे झाल्यावर काकीने हळूच विचारले, "पुढल्या वर्षी गणपती खंय पुजतले?" कुणी उत्तर दिले नाही. कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होते. गणपती एकदा पणजीच्या फ्लॅटमध्ये गेला की मग हे घर उघडायला कारणच उरत नाही. आणि न उघडलेले घर गोव्याच्या पावसात किती वर्षे टिकते हे मी सांगायला नको.

एका कंत्राटदाराला बोलावले. त्याने दहा मिनिटे घर पाहिले, "ह्यात काही राहिलेलं नाही" म्हणाला आणि जो आकडा सांगितला त्यात नवे घर झाले असते. त्याला दोष देत नाही. मातीची भिंत दुरुस्त करणे हा त्याचा धंदाच नव्हे.

मग मित्र आले. एक शाळामास्तर, एक बँकेतला, दोघे कारखान्यात नोकरी करणारे, आणि सासष्टीतला एक मित्र, ज्याने आपल्या आजोबांचे घर बालकांवासकट असेच सांभाळले आहे. कामाला पुरे दहाजण. मुंबई-पुण्याचे भाऊ सुट्ट्या काढून येऊन-जाऊन होते. शेजारच्या वाड्यावरचे एक वयस्क गवंडी आणि एक मेस्त यांना पुऱ्या मजुरीवर ठेवले. आम्ही त्यांचे हाताखालचे गडी.

एप्रिलमध्ये छप्पर उतरवले. हिशेब सांगतो, म्हणजे दहा माणसे का लागतात ते कळेल. एक चौरस मीटर छपराला साधारण 15 मंगळुरी कौले लागतात. आमचे छप्पर 120 चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे अंदाजे 1800 कौले. एक कौल अडीच किलो धरले तरी साडेचार टन वजन! ते आधी खाली आणायचे, घासायचे आणि पुन्हा वर चढवायचे. दोन माणसांनी हे करायचे म्हटले तर कंबर मोडेल. दहाजण शिडीपासून अंगणापर्यंत रांगेत उभे राहिले की कौल हातोहात सरकते आणि गप्पा मारतामारता छप्पर रिकामे होते.

कौले घासताना काहींच्या पाठीवर बासेल मिशनचे नाव आणि 1865 हा आकडा निघाला. सगळ्यांना वाटले, कौल दीडशे वर्षांचे! तसे नसते बरे का. 1865 हे त्या मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला ते साल. छाप पुढेही तोच राहिला. तरीही ती कौले आमच्या आजोबांच्या काळची नक्की आहेत, आणि बोटाने टिचकी मारली तर अजून खणखणतात. पाडकाम करणारे हीच कौले ट्रकात भरून नेतात आणि ती पुढे कुठल्यातरी हॉटेलच्या छपरावर "हेरिटेज" म्हणून दिसतात.

खरा धडा भिंतीने दिला. पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या वडिलांनी मोठ्या हौसेने पडवीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला होता. सगळ्यात जास्त खराब झालेली भिंत तीच! मातीची किंवा चिऱ्याची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि हवेत सोडते. चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंट तिला आत कोंडून ठेवते. मग आत माती मऊ होत जाते आणि एक दिवस गिलाव्याची फळीच्या फळी मातीसकट सुटते. वडिलांची चूक नव्हती. त्या काळी सिमेंट म्हणजे प्रगती असे सगळेच मानत होते. आम्ही तो गिलावा खरवडून काढला आणि एक भाग चुना, तीन भाग वाळू असा नवा गिलावा पातळ थरांत दिला. चुना घाईने सुकवायचा नसतो. तो हवेतला कार्बन डायॉक्साइड घेऊन हळूहळू दगड बनतो, म्हणून रोज पाणी शिंपून ओला ठेवावा लागतो. चार वाजता चहा आणि पाच वाजता भिंतींना पाणी, हा आमचा नेम झाला होता.

आता लोक विचारतील, एवढे करून पैसे किती वाचले? वाचले, पण हा हिशेब मी दुय्यम मानतो. मित्रांचे श्रम म्हणजे फुकटची मजुरी असे ज्याला वाटते त्याने मित्र बोलावूच नयेत. आणि जाणत्या कारागिराची मजुरी वाचवायला जाणे तर निव्वळ मूर्खपणा. त्याला मजुरी द्यायची ती त्याचे हात भाड्याने घेण्यासाठी नव्हे, तर त्याच्या डोक्यात आहे ते आपल्या हातांत उतरावे म्हणून. आमचे गवंडी एकदा म्हणाले, "बाब, घर पावसान पडना. मनीस ना म्हूण पडटा." माझा सगळा लेख ह्या दोन वाक्यांत आला.

कारण पूर्वी ही घरे टिकली ती मजबूत होती म्हणून नव्हे. दरवर्षी पावसाआधी घर परतले जायचे. कौले काढायची, फुटकी बदलायची, वाशांवरून हात फिरवायचा. आज तुमच्याकडे पाचजण, उद्या आमच्याकडे पाचजण, दुपारी सगळ्यांना पेज. वाळवी लागली तर त्याच वर्षी दिसायची. आपण ती पद्धत सोडली आणि वर तक्रार करतो की जुनी घरे टिकत नाहीत! कंत्राटदाराने दुरुस्त केलेले घर दहा वर्षांनी पुन्हा त्याच अवस्थेत येईल, कारण कुठे काय बिघडते हे घरच्यांना ठाऊकच नसते. आता माझ्या पुतण्याला ठाऊक आहे. तो सोळा वर्षांचा आहे आणि कौल सरकलेले जमिनीवरून ओळखतो.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगतो. सगळे स्वतः करायचा हट्ट धरू नका. मुख्य तुळई, आढे आणि विजेचे काम जाणकारावर सोडा. चुना विरवताना तो उकळतो, डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाईल. तिथे हौशी माणसाचे काम नाही.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक. गोव्यातल्या जुन्या घरांना वाळवीइतकेच सामाईक मालकीने पोखरले आहे. आपल्या वारसा कायद्याने मुला-मुलींना सारखा हक्क आहे, आणि ते योग्यच आहे. पण एक-चौदाच्या उताऱ्यावर नावे वाढत जातात आणि कौल बदलायलाही कुणी पुढे येत नाही. जो खर्च करील तो उद्या घर बळकावील असे इतरांना वाटते, आणि दुसऱ्यांच्या वाट्यावर मी का राबू असे त्याला वाटते. आम्ही आधी सगळ्या भावंडांना आणि आत्यांना पत्र लिहिले : खर्चाची वही सर्वांना खुली राहील, आणि राबणाऱ्याचा हिस्सा वाढणार नाही, न येणाऱ्याचा कमी होणार नाही. सह्या घेतल्या आणि मगच पहिले कौल काढले. गंमत म्हणजे, सही करायला सर्वांत जास्त कुरकुरलेला भाऊ मेमध्ये सर्वांत जास्त दिवस राबला.

सगळी घरे वाचणार नाहीत, हे मलाही कळते. काहींच्या भिंती बसल्या आहेत, काहींचे वारस परदेशात आहेत. पण जे घर अजून उभे आहे त्याच्याविषयी निर्णय घेण्याआधी निदान एक रविवार तिथे काढा. दोन मित्र न्या, शिडी न्या, चार कौले काढून आत बघा. बहुतेक वेळा बिघडलेले वासे चार-पाचच निघतात. आमचे सहा निघाले. त्या सहा वाशांसाठी आम्ही अख्खे घर पाडायला निघालो होतो!

गेल्या चवथीला माटोळी नव्या वाशाला टांगली. वासा फणसाचा, परसातल्याच झाडाचा. काकीने खालून एकदा पाहिले आणि "नारळ मातशे लागीं बांद रे, पडटले" एवढेच म्हणाली. आमच्या घरात ह्याहून मोठी पावती कुणाला मिळालेली नाही.