ससा खवय्या, आचारी शेवाळ!

समुद्री ससा म्हणजे खरे तर गोगलगायीचा चुलतभाऊ. कर्करोगाच्या पेशी मारणारे ‘डोलास्टॅटिन १०’ हे द्रव्य त्याच्या अंगात मिळाले. १९८७ साली अमेरिकेतील रसायनज्ञ पेटिट व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची रचना जाहीर केली आणि वाहवा झाली सशाची! पण २००१ मध्ये पलाऊ बेटांजवळच्या निळ्या-हिरव्या शेवाळात, म्हणजे सायनोबॅक्टेरियांत, तेच द्रव्य सापडले. ससेबुवा नुसते खवय्ये, स्वयंपाक दुसऱ्याचाच!

हा स्वयंपाक होतो कसा? पेशीतली नेहमीची प्रथिने रायबोसोमवर, ठरावीक अमिनो आम्लांतून घडतात. असली द्रव्ये मात्र अवाढव्य विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या, रांगेवर तयार होतात. बांधकामावर घमेली हातोहात पुढे सरकतात ना, तसेच हे. एक भाग आम्ल निवडतो, दुसरा ते जोडतो, तिसरा त्यात फेरफार करतो, शेवटचा तयार माल सोडून देतो. म्हणून या माळेत जगावेगळे मणीही ओवले जातात.

मूळ द्रव्य रोग्यांना मानवले नाही. पण त्याच्या धर्तीचे विष प्रतिपिंडाला बांधून थेट रोगट पेशीत पोचवणाऱ्या औषधाला २०११ साली अमेरिकेत हॉजकिनच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली.

मात्र वाचकहो, तळ्यावरची हिरवी साय औषध समजू नका! अशाच विकरांच्या रांगेवर काही शेवाळे मायक्रोसिस्टिन हे यकृताचे विष घडवतात. १९९६ साली ब्राझीलमधील कारुआरू येथे ते डायलिसिसच्या पाण्यात उतरले आणि पन्नासच्या आसपास रोगी दगावले. कसब तेच, पदार्थ मात्र निराळा.