मोजून नेलेले परत आणा



पेरण्या आटोपल्या की दरसाल गावात पाहुणे येतात. कृषी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाची मुले म्हणजे कृषिदूत, मुली असल्या तर कृषिकन्या. देवळापुढे रांगोळीने गावाचा नकाशा काढतात. पेरणी होऊन गेल्यावर बीजप्रक्रिया करून दाखवतात. सरपंचाबरोबर फोटो निघतो आणि दोन दिवसांनी जिल्ह्याच्या पानावर छापून येतो. हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर पडते, पोत्यांत रेती भरून नाल्यावर बंधारा होतो. आणि पदवीला पर्यावरणाचा विषय सक्तीचा झाल्यापासून कोणत्याही महिन्यात छापील फॉर्म घेऊन पोट्टे दारात उभे राहतात. फवारणी करताना तोंडाला कापड बांधता काय? हो किंवा नाही. औषधाच्या रिकाम्या डब्यांचे काय करता? चारपैकी एका चौकटीत खूण करा.

आम्ही चहा पाजतो, खूण करतो. मुले वही भरून निघून जातात. आमचे भांडण इथून सुरू होते.

आमच्यातल्याच एका गावची गोष्ट. एका कॉलेजची मुले आली, विहिरींचे पाणी बाटल्यांत भरले, बाटल्यांवर मालकांची नावे लिहिली. एका म्हाताऱ्याने विचारले, "बाबू, पाण्यात काय निघालं ते मले सांगशील ना?" मुलगा म्हणाला, "हो काकाजी, रिपोर्ट आला की आणून देतो." रिपोर्ट कॉलेजात आला, मुलांना मार्क मिळाले, प्रकल्पाची वही कपाटात गेली. म्हातारा अजून त्याच विहिरीचे पाणी पितो. पाण्यात काय निघाले ते कपाटाला ठाऊक आहे, म्हाताऱ्याला नाही!

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. वर्धा जिल्ह्यातल्या विहिरींत नायट्रेट मर्यादेबाहेर सापडते, हे सरकारच्याच भूजल अहवालांत आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅम ही मर्यादा. ते युरियातून झिरपते, विहिरीजवळच्या उकिरड्यातून आणि संडासाच्या खड्ड्यातूनही झिरपते. वरचे दूध पिणाऱ्या तान्ह्या लेकराला त्याचा सगळ्यात जास्त धोका. आणि आपल्या मायबहिणी खबरदारी म्हणून पाणी उकळतात, तर उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटले तेवढे ते वाढतेच. एवढी एक ओळ त्या म्हाताऱ्याच्या सुनेला कोणी सांगितली असती तर त्या बाटल्या भरल्याचे सार्थक झाले असते.

मुलांवर आमचा राग नाही. त्यांतले कितीतरी आपल्याच घरचे, कपाशी विकून फी भरलेले. राग आहे तो ज्या रीतीने त्यांना शिकवले जाते तिच्यावर. शेतकरी म्हणजे नमुना. मातीचा नमुना, पाण्याचा नमुना, तसा माणसाचाही नमुना. नमुन्याला कोणी उत्तर देत असते काय?

वर्ध्याला तरी हे बाहेरून शिकायला नको. जे. सी. कुमारप्पा हा हिशेबतपासनीस माणूस. 1929-30 साली गुजरात विद्यापीठाचे विद्यार्थी घेऊन तो खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्यात गेला आणि 54 गावांत घरोघरचा जमाखर्च मांडला. कशासाठी? शेतसारा कुणब्याला झेपतो की नाही हे आकड्याने सिद्ध करण्यासाठी. निघाले ते असे की झेपत नाही. पुढे हाच माणूस वर्ध्याच्या मगनवाडीत येऊन राहिला आणि मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारच्या समितीसाठी त्याने सहाशेवर गावांची पाहणी केली. तो अहवाल 1939 सालचा. ती पाहणी सरकारला प्रश्न विचारायला होती, मार्क मिळवायला नव्हती. विद्यार्थी तेव्हाही अडाणीच होते, गावात जाऊन शिकले.

सेवाग्रामचे मेडिकल कॉलेज 1969 सालचे. तिथे मुलांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, पंधरा दिवस गावात राहते, प्रत्येकाला काही कुटुंबे वाटून दिलेली असतात आणि पुढे वर्षानुवर्षे तीच मुले त्याच घरी जातात. याच कॉलेजच्या डॉक्टरांनी गावोगावी आरोग्य विम्याची वर्गणी ज्वारीत घेतली. सुगीला खळ्यावर ज्वारी मोजून द्यायची, दवाखान्यात त्याचा हक्क सांगायचा. आता आपल्या शिवारात ज्वारी नावालाच उरली, सोयाबीनने ती खाल्ली, हा भाग वेगळा. पण ज्याने ज्वारी मोजून दिली तो उपचार हक्काने मागत होता, एवढे ध्यानात ठेवा.

म्हणून आमचे म्हणणे असे की या मुलांना आपण प्रश्न द्यावा.

पहिला प्रश्न फवाऱ्याचा. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात गेले. पंप बदलले होते, दोन-तीन औषधे एकत्र केली जात होती, कपाशी डोक्याएवढी वाढली होती. तेव्हा बोट कोणाकडे दाखवले? हातमोजे न घालणाऱ्या मजुराकडे! सप्टेंबरच्या उन्हात हातमोजे, चष्मा आणि रबरी कोट घालून दिवसभर पंप पाठीवर वागवून बघा, मग बोलू. फॉर्मवरचा तो "हो की नाही" याच जातीचा. त्यापेक्षा हे मोजा. रक्तात कोलिनेस्टरेज नावाचा एक पदार्थ असतो, काही जहाल कीटकनाशकांनी तो खाली येतो. प्रत्येक माणसात तो कमीजास्त असतो, म्हणून फवारणी सुरू होण्याआधी एकदा आणि हंगामात पुन्हा तपासला तरच कोणाला किती विष चढले ते कळते. डॉक्टरीची मुले गावात येतातच. मे महिन्यात आमचे रक्त घ्या, ऑक्टोबरात पुन्हा घ्या, आणि दोन्ही आकडे ज्याच्या अंगातले रक्त त्याच्या हातात द्या.

दुसरा पावसाचा. चोवीस तासांत 65 मिलिमीटर झाला तर अतिवृष्टी, आणि तो मोजायचा महसूल मंडळातल्या एका यंत्रावर. आपल्या शिवारात वावर खरडून जाते, मंडळाच्या गावी 40 पडलेला असतो. भरपाई कशाची? शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक बसवा, मुलांनी रोज सकाळी साडेआठला नोंद घ्यावी, त्याखाली शाळेची आणि ग्रामपंचायतीची सही असावी. सरकार ती लगेच मानेल असे नाही, पण भांडायला हातात कागद तरी राहील. पवईच्या आयआयटीने कृषी संजीवनी प्रकल्पात गावोगावच्या पाण्याचा ताळेबंद मांडायची रीत बसवली. तो प्रकल्प 2018 पासूनचा, आपला जिल्हा त्यात आहे. म्हणजे शिकलेल्या लोकांना हे जमत नाही असे म्हणायची सोय नाही.

आणि हो, बोरच्या जंगलात वाघाची पावले मोजायला येणाऱ्यांनी एक चक्कर रोह्याने साफ केलेल्या तुरीतही मारावी.

आपलेही चुकते. फॉर्म भरताना आपण जमीन कमी सांगतो, यादीत नाव लागेल म्हणून. फवारताना कोणी पडला तर "चक्कर आली" सांगतो, पोलिसांत नोंद होईल म्हणून. खोट्या उत्तरावर खरी पाहणी उभी राहत नाही. ज्याला रिपोर्ट परत मागायचा आहे त्याने उत्तर खरे दिले पाहिजे.

तेव्हा यंदा कोणत्याही कॉलेजची मुले गावात आली तर फॉर्मला हात लावण्याआधी ग्रामसभा घ्या, बाया-मजुरांसह घ्या. मुलांबरोबर त्यांच्या सरांनाही बसवा. आमचा एक प्रश्न तुमच्या पाहणीत घाला, आणि जे निघेल ते मराठीत लिहून, ग्रामसभेत वाचून, एक प्रत पंचायतीत ठेवून जा, असे लिहून घ्या. कबूल नसेल तर चहा पाजा आणि निरोप द्या. ज्या गावांतून मागे पाण्याच्या बाटल्या गेल्या त्यांनी कॉलेजचे नाव, साल आणि विहिरींची यादी पुढच्या जिल्हा बैठकीला आणावी. त्या त्या कॉलेजकडे आपण रिपोर्ट मागायला एकत्र जाऊ. म्हाताऱ्यालाही बरोबर घेऊ.