डाइव्ह मोजणाऱ्यांची बोट

गेल्या शनिवारी दादरला एका पर्यटन कंपनीने मालदीवच्या डायव्हिंग सहलींची माहिती द्यायला बोलावलं होतं. वडे गरम होते, तेवढीच जमेची बाजू. पडद्यावर एक भागाकार झळकला: सहलीचा खर्च भागिले डाइव्ह. सफारी बोटीवर (म्हणजे जिच्यावरच राहून डायव्हिंग करतात) दिवसाला तीन-चार, बेटावरच्या गेस्टहाउसमधून दोन, सबब बोट सरस. सभागृहाने माना डोलावल्या. 'पैसा वसूल' या आपल्या राष्ट्रीय आजाराबद्दल मी इथे पूर्वी बरंच लिहिलंय आणि त्याबद्दल शिव्याही खाल्ल्यात. पण तो आजार आता पाण्याखाली तीस मीटरपर्यंत पोचलाय, हे नवीन.

आधी तो भागाकारच तपासू. सात रात्रींची बोट म्हणजे सात दिवस पाण्यात, असं होत नाही. पहिल्या दिवशी विमान, सामान आणि जमलीच तर सराव तपासणारी एक चेक डाइव्ह. शेवटचा दिवस कोरडा. सलग काही दिवस डायव्हिंग केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्यावेत, अशी 'डॅन' या डायव्हर्सच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेची शिफारस आहे. बरेच जण पूर्ण दिवस धरतात. मधल्या दिवसांत चौथ्या डाइव्हला उतरणारा माणूस दमलेला असतो, अंगात नायट्रोजन साठलेला असतो आणि वेटसूट सकाळपासून ओलाच असतो. पण भागाकारात पहिली आणि चौथी डाइव्ह एकाच किमतीची.

खरी तुलना वेगळीच आहे आणि तिला नकाशा लागतो. मालदीवचा समुद्र दोन ऋतूंवर चालतो. साधारण डिसेंबर ते एप्रिल पाणी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतं. तेव्हा अटॉलच्या, म्हणजे प्रवाळाच्या कंकणाकृती बेटसमूहाच्या, पूर्व कडेवरच्या खिंडींतून (तिथे त्यांना 'कंदू' म्हणतात) महासागराचं स्वच्छ पाणी आत घुसतं आणि खिंडीच्या तोंडाशी ग्रे रीफ शार्क ओढीला सामोरे राहून जागच्या जागी तरंगतात. प्लवक पश्चिमेच्या बाजूला साचतं, म्हणून ते खाणारे मांटा रे मासे तिकडे. मेपासून नोव्हेंबरपर्यंत बहुतेक सगळं उलट. बोटवाले सांगतात, आम्ही प्राण्यांच्या मागे फिरतो. फिरा बापडे! पण प्राणी कुठल्या महिन्यात कुठल्या कडेला असणार, हे ठरलेलं असेल तर आपण त्याच कडेला खोली घेऊन का राहू नये? फेब्रुवारीत वाव्हू अटॉल गाठा, ऑगस्टमध्ये बा अटॉलमधलं धरवंधू. तिथून हनिफारूचा उपसागर जवळच आहे. शेकडो मांटा जमणाऱ्या त्या जागी २०१२पासून सिलिंडर घेऊन उतरायला बंदी आहे, फक्त स्नॉर्कलिंग चालतं. म्हणजे मांटांचा सर्वात मोठा मेळा बघायचा तर डाइव्हचा आकडा शून्यच राहणार. भागाकारवाल्यांनी याचं काय करायचं?

आता वाव्हूतल्या मियारू कंदूवर सकाळी काय होतं ते बघा. धोनी, म्हणजे तिथली बोट, खिंडीपाशी येते. गाइड एकटाच मास्क लावून पाण्यात उतरतो, डोकं खाली घालून काही क्षण रीफच्या कडेवर थांबतो आणि वर येऊन मान हलवतो: पाणी बाहेर चाललंय. बाहेर जाणारं पाणी लगूनचा गढूळपणा घेऊन येतं आणि माणसाला खुल्या निळ्या समुद्राकडे लोटतं. बेटावर मुक्काम असेल तर उत्तर सोपं असतं: दुपारी बघू, नाहीतर उद्या. तोवर परत जाऊन माशुनी खायची. ट्यूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची हातानं कुस्करलेली आणि बरोबर रोशी, म्हणजे तिथली चपाती. मालवणी माणूस तिसरी रोशी मागतोच. सफारी बोटीला मात्र रात्री पुढच्या अटॉलमध्ये नांगर टाकायचा असतो. मग शार्क राहतात बाजूला, जवळच्या एखाद्या रीफवर सगळ्यांना उतरवतात आणि लॉगबुकात एक डाइव्ह वाढते. हिशेब चोख, बघणं हुकलं. लग्नाच्या बुफेत ताट काठोकाठ भरून घेणारे आणि हवा तो पदार्थ येईपर्यंत थांबणारे, असे हे दोन पंथ आहेत.

मालदीवच्या दक्षिणेच्या फुवामुला बेटाचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. कोळी मासळीची घाण बंदरात टाकत आले, त्या वासावर टायगर शार्क येत राहिले आणि आता बंदरापासून काही मिनिटांवर ते दिसतात. त्यासाठी आठवडाभर समुद्रात झोपायची गरज काय? तरीही बोट का खपते, याबद्दल माझं एक मत आहे. मालदीवच्या वस्तीच्या बेटांवर दारू मिळत नाही, सफारी बोटीवर मिळते. प्रवाळप्रेमाचा बराच भाग त्या फ्रिजमध्ये थंड होत असतो.

बोट कुठेच नको, असं मात्र नाही. जिथे टेकायला जमीनच नाही तिथे तीच हवी. विजयदुर्गासमोर शंभरेक किलोमीटर आत पाण्याखाली असलेलं, कान्होजी आंग्र्यांचं नाव लाभलेलं आंग्रिया बँक नीट बघायचं तर बोटीवर रात्र काढल्यावाचून गत्यंतर नाही. अंदमानच्या बॅरन बेटावर जागता ज्वालामुखी आहे, मुक्काम नाही. बोटीने अंतर विकत घ्यावं, आकडा नव्हे. आणि तारकर्लीत हौशीची एक डुबकी मारून आलेल्यांनी, किंवा ओपन वॉटरच्या प्रमाणपत्राची शाई न वाळलेल्यांनी, कंदूंच्या ओढीत आठवडा काढायला जाऊ नये. बेटावर गाइड तुमच्या बेतानं सोपं रीफ निवडतो. बोटीवर तुम्ही गटातल्या सराईतांच्या मागे फरफटत जाता.

एक गोष्ट मात्र दादरच्या पडद्यावर आलीच नाही. २ सप्टेंबर २०१९ला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ 'कन्सेप्शन' ही डाइव्ह बोट जळाली, खालच्या मजल्यावर झोपलेले ३४ जण गेले. रात्री गस्तीला कोणी नव्हतं. बाहेर पडायच्या वाटा दोन होत्या, पण दोन्ही वरच्या त्याच जळत्या खोलीत उघडत. नोव्हेंबर २०२४मध्ये इजिप्तच्या मर्सा आलमजवळ 'सी स्टोरी' पहाटे उलटली, अकरा जण मरण पावले किंवा बेपत्ता झाले. आपल्या माहितीपत्रकांत जकुझीचा फोटो असतो, केबिनची दुसरी वाट कुठे उघडते ते नसतं.

तेव्हा बोटच घ्यायची ठरली असेल, तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा: रात्रभर जागा पहारा असतो का, केबिनमधून बाहेर पडायची दुसरी वाट कुठे निघते, आणि आगीचा धोका असलेल्या कॅमेऱ्या-टॉर्चच्या बॅटऱ्या रात्री कुठे चार्ज होतात. उत्तराऐवजी डाइव्हचा आकडा आला, तर बेटावरची खोली बघा.