आईचं माहेर आणि लिस्बनची नोंद

सावंतवाडी, बांदा, वेंगुर्ले या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत आईचं माहेर गोव्यातलं. पेडणे, नाहीतर डिचोली. एरवी ते आठवायचं चतुर्थीला, नाहीतर भाच्याच्या मुंजीला. पण मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा झाला, नोकरीचं काही जमेना, की एक दिवस तो अचानक विचारतो, ‘‘आई, तुझा जन्म एकसष्टच्या आधीचा ना?’’

प्रश्न पोर्तुगीज पासपोर्टचा असतो. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. 1962 च्या आदेशाने तिथली माणसं भारतीय नागरिक झाली. पोर्तुगालने मात्र गोव्यावरचा भारताचा हक्क मान्य केला तो थेट 1974 च्या अखेरीस झालेल्या करारात. पुढच्याच वर्षी त्यांनी कायदा करून, गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना पोर्तुगीज नागरिकत्व राखण्याची मुभा दिली. म्हणून मुक्तीआधी तिथे जन्मलेली व्यक्ती आजही लिस्बनला आपली जन्मनोंद करू शकते आणि तिच्यामार्फत तिची मुलं. हा हक्क आईकडूनही येतो, बापच लागतो असं नाही. (आपल्याकडे परदेशात जन्मलेल्या मुलाला आईमुळे भारतीय नागरिकत्व मिळायला 1992 ची दुरुस्ती यावी लागली. तोवर बापच मोजायचे!)

इथपर्यंत सगळं छान वाटतं. घोटाळा होतो तो ‘दुहेरी नागरिकत्व’ या शब्दाने. पोर्तुगालला दोन नागरिकत्वं चालतात, भारताला चालत नाहीत. राज्यघटनेचं नववं कलम आणि 1955 च्या नागरिकत्व कायद्याचंही नववंच कलम सांगतं, की स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपलं. त्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही, कुणी कळवावंही लागत नाही. परदेशी पासपोर्ट घेतला तर नियमांनुसार तोच निर्णायक पुरावा. तेव्हा ‘‘दोन्ही ठेवा, कोण बघतंय’’ असं सांगणारा एजंट तुम्हाला गुन्ह्यात ढकलतोय. भारतीय पासपोर्ट जमाच करायचा असतो.

पण या सगळ्यात माझं मन अडकतं ते आईपाशी. मुलाचा अर्ज सहसा एकदम सरळ जात नाही. आधी आईचा जन्म लिस्बनच्या दप्तरी चढवायचा, मग तिचं लग्न, आणि मग मुलाचा जन्म. म्हणजे साखळीची पहिली कडी तीच. सत्तरीच्या बाईपुढे कुलमुखत्यारपत्र ठेवलं जातं, ‘‘काकी, नुसती सही करा, तुमचं काही बदलत नाही.’’ आणि ती करते. मुलाच्या भल्यासाठी बायका कुठे सही करत नाहीत?

पण ती नोंद पोर्तुगालच्या लेखी ती पोर्तुगीज असल्याचीच नोंद असते. नुसत्या नोंदीने भारतीय नागरिकत्व जातं का, पासपोर्ट घेतल्यावरच जातं, हा वाद कोर्टापर्यंत गेलेला आहे. गोव्यात अशा नोंदीवरून भारतीय पासपोर्ट रद्द झालेले आहेत. 2024 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने थोडी वाट काढली. पासपोर्ट रद्द केल्याचा आदेशही ओसीआय कार्डाच्या अर्जाला चालेल, असं सांगितलं. पण ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. त्यावर आयुष्यभर भारतात येता-राहता येतं, मत मात्र देता येत नाही. शेतजमीन वारसाने मिळते, विकत घेता येत नाही. जिने कधी विमान पाहिलं नाही आणि एकही मतदान चुकवलं नाही, तिला हे सहीआधी कुणीतरी सांगायला हवं की नको?

दुसरी अडचण खास बायकांची. गोव्यातल्या जुन्या जन्मदाखल्यावर तिचं माहेरचं नाव, तेही पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगचं. लग्नात आडनावच काय, पाळण्यातलं नावसुद्धा बदललेलं. आधार कार्डावर तिसरंच काही. घरी हौसेने ठेवलेलं ‘सुहासिनी’ सरकारी कागदावर वेगळीच बाई होऊन बसतं. त्यात लग्न महाराष्ट्रात झालेलं, आणि त्या काळी आपल्याकडे नोंदणी करायची पद्धतच फारशी नव्हती. मग प्रतिज्ञापत्रं, भाषांतरं, शिक्के आणि दर पायरीला पैसे.

आणि ज्या ब्रिटनसाठी हा खटाटोप चालायचा, त्याचं गणितही बदललंय. पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडन, साउथॉलला जाऊन कामाला लागायचं, ही वाट 2020 च्या अखेरीस बंद झाली. तेव्हापर्यंत तिथे राहायला गेलेल्यांसाठी वेगळी योजना होती. आता नव्याने जाणाऱ्याला व्हिसाच लागतो. युरोपीय संघाचे देश खुले आहेत, पण तिथे पोर्तुगीज, जर्मन, फ्रेंच यांतलं काहीतरी शिकावं लागेल.

जाणाऱ्याने जावं, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त तिच्या नावाचा कागद लिस्बनला निघण्याआधी तो तिला मराठीत वाचून दाखवा, त्याची एक झेरॉक्स तिच्याच कपाटात ठेवा. आणि घरात कुणाची तरी वकिलाशी ओळख असतेच, एजंटच्या आधी त्याच्याकडे जा. नवऱ्याने नागरिकत्व बदललं म्हणून बायकोचं आपोआप जात नाही, हेही त्याच्याकडूनच ऐकून घ्या. एजंट ते सांगत नाहीत.